न्केंगचे पान आणि पांढरी पेटी

आमच्या अलामेन गावात कुत्री भुंकली की माणसे कुत्र्यांकडे बघतात. ना मांका ओढ्याकडे बघायची.

ओढा तिच्या घराच्या खालच्या अंगाला होता. मक्याचे वावर उतरले की लगेच पाणी. जर्मनांच्या काळी तो नुसता ओढा होता. गुरे पाणी प्यायची, बाया अळूचे कंद धुवायच्या, इकडच्या पोरी तिकडे नांदायला जायच्या आणि तिकडच्या इकडे यायच्या. मग जर्मन हरले, जिंकलेल्यांनी जमीन वाटून घेतली, आणि अलीकडे इंग्रज, पलीकडे फ्रेंच असे झाले. इंग्रजांनी ओढ्याच्या वाटेवर एक आडवा दांडा टाकला. पाण्याला तो दांडा ठाऊक नव्हता. पण पलीकडच्या डोंगरांत फ्रेंचांविरुद्ध लढाई पेटली, गावे जळू लागली, तेव्हा त्या दांड्याची भिंत झाली. दांड्याच्या अलीकडे जो पोचला तो वाचला.

ना मांका ही माझ्या थोरल्या भावाची बायको; ना ही आमच्याकडे थोरल्या बाईला मानाने मारायची हाक, तशी पुरुषाला नी. भाऊ गेला तेव्हा तिची एकुलती एक मुलगी लुम लहान होती. मांकाने दुसरे घर केले नाही. ती उंच, रुंद खांद्यांची, हसताना पुढचा पडलेला दात झाकण्यासाठी तोंडावर हात धरणारी. आमच्याकडे बाया पाळीपाळीने एकमेकींची वावरे खणतात. त्या सगळ्या बायांची ती म्होरकी. तिने डोंगराच्या या बाजूने हाक घातली की त्या बाजूची बाई कुदळ उचलायची. तरुणपणी मक्यावर आलेल्या माकडांच्या टोळीत ती एकटी काठी घेऊन शिरली होती, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. भीती तिच्या स्वभावात नव्हती. ती तिच्या घरात जावयाच्या पायांनी आली.

जावई तिवा पलीकडचा. चौरंग, तिवया कोरणारा, थोडे बोलणारा माणूस. लढाई नव्हती तेव्हा लुम त्याच्या घरी गेली होती. पुढे रानात लपलेल्या बंडखोरांना तिवाने अन्न पोचवले, एवढाच त्याचा गुन्हा. झांदार, म्हणजे फ्रेंचांनी शिकवलेले लाल टोप्यांचे बंदूकवाले, त्याचे नाव घेत गावात आले आणि गाव पेटवून गेले. तिवा जळता वासा खांद्यावर झेलून लुमला घेऊन ओढा उतरला. लुमचे दिवस भरत आले होते. तिला मांकाच्या घरात जुळे झाले, दोन्ही मुली.

जुळी म्हणजे आमच्याकडे साधी गोष्ट नाही. ती देवाकडून रुसून येतात आणि जरा मन दुखावले तर परत जातात. म्हणून ज्या घरात जुळी, त्या घराच्या दाराशी दोन्ही बाजूंनी न्केंग लावतात. न्केंग म्हणजे काठीसारख्या खोडाचे, लांब हिरव्या पानांचे झाड. ते शांततेचे झाड आहे. ज्याच्या हातात न्केंगचे पान त्याला मारायचे नाही. भांडण मिटवायला जाताना ते न्यायचे, पाहुण्याला सामोरे जाताना ते हलवायचे, जमिनीच्या कोपऱ्याला राजाने ते लावले की ती जमीन त्या माणसाची आणि तो माणूस गावाचा. आमच्या सगळ्या शपथा, माफ्या आणि हद्दी या एका पानावर उभ्या आहेत.

आणि त्या वर्षी नेमके तेच पान आमच्या अंगावर आले.

झाले असे. इंग्रज जायला निघाले होते. जाताना आम्हाला कोणाच्या स्वाधीन करायचे हे आम्हालाच विचारणार, असे ठरले. शाळेचे पायस मास्तर बाजाराच्या झाडाखाली हे समजावून सांगायला उभे राहिले. मास्तर काटकुळे, चष्मेवाले, मनाने चांगले. पण एखादी गोष्ट पटली की माणूस दिसायचा नाही, नुसती ती गोष्ट दिसायची.

"दोन पेट्या असतील," मास्तर म्हणाले. "हिरव्या पेटीत कागद टाकला तर आपण नायजेरियात राहणार. पांढऱ्या पेटीत टाकला तर ओढ्यापलीकडच्या आपल्या भावांबरोबर, कॅमेरूनमध्ये."

"आणि आपलं आपण राहायचं असेल तर?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"ती पेटी नाही."

"का? सुतार मेला का?"

सगळा बाजार हसला. मास्तरही हसले, मग घाम पुसत म्हणाले, "नी, हे सुताराच्या हातात नव्हतं. समुद्रापार न्यूयॉर्क म्हणून गाव आहे. तिथे साऱ्या देशांची बैठक भरते. आपले पुढारी तिथे गेले. एकानं एक मागितलं, दुसऱ्यानं दुसरं. वाद मिटेना. शेवटी बैठकीतले लोक कंटाळले आणि म्हणाले, दोनच पेट्या, काय ते निवडा."

"कंटाळले म्हणून?" कांदे विकणारी एक बाई ओरडली. "मला रोज नवऱ्याचा कंटाळा येतो. मी त्याला शेजारणींत वाटून टाकते का?"

"कोण घेतंय त्याला!" मागून दुसरी म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

मांका हसली नाही. ती उठून उभी राहिली. "मास्तर, पांढरी जिंकली तर ओढ्यावरचा दांडा निघणार?"

"निघणार, ना मांका! भाऊ भावाकडे मोकळा जाईल. म्हातारे म्हणायचे ना, आपण एकाच चुलीचे? ते पुन्हा होईल."

"आणि झांदार? तेही मोकळे येतील?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिवा कोणाच्या घरी राहतो ते सगळ्यांना ठाऊक होते.

गावाचा कल पांढरीकडेच होता. त्यालाही कारण होते. इंग्रजांनी आमचा कारभार शेजारच्या नायजेरियाला जोडून ठेवला होता. बाजारातली निम्मी दुकाने नायजेरियातून आलेल्या व्यापाऱ्यांची. कचेरीत गेले तर तिथला कारकून तिकडचाच. आपल्याच गावात आपण पाहुणे, असे लोकांना झाले होते. त्यांच्यापेक्षा पलीकडचे भाऊ बरे. मांकाला हे कळत नव्हते असे नाही. पण तिच्यासाठी पांढरी पेटी म्हणजे निघालेला दांडा, आणि निघालेला दांडा म्हणजे लाल टोपी. हिरवी जिंकावी असे गावात बोलून दाखवायची सोय नव्हती. संध्याकाळी अचूसाठी उकडलेले अळूचे कंद कुटताना मुसळ तिच्या हातून दोनदा उखळाच्या काठावर आदळले.

मग न्यूयॉर्कच्या बैठकीने पाठवलेला एक पाहणी करणारा गोरा माणूस गावात येणार असल्याची दवंडी आली. मतदान सरळ होते की नाही हे बघायला असे पुष्कळ जण आमच्या मुलुखात फिरत होते. पाहुणा येणार म्हटल्यावर आम्ही जे नेहमी करतो तेच केले. बाया, पुरुष, पोरे, म्हातारे, प्रत्येकाने न्केंगचे पान खुडले आणि सगळे गाव वाटेवर उभे राहिले. धुळीतून गाडी आली तशी आम्ही पाने वर करून हलवू लागलो. मला आजही ते डोळ्यांपुढे दिसते: कोरड्या हवेचे दिवस, सगळा डोंगर पिवळा पडलेला, आणि त्यात हलणारे ते हिरवेगार रान. मला अभिमान वाटला. लाल नाकाचा तो माणूस गाडीतून उतरला, चकित झाला, हसला, आणि आपल्या दुभाष्याला काहीतरी म्हणाला.

पायस मास्तर गाडीमागून धावत आले. चष्मा हातात, तोंडाचे पाणी पळालेले. "खाली करा! अरे, हात खाली करा! सगळं गाव हिरवं म्हणतोय तो! त्याच्या हिशेबानं अलामेन नायजेरियाचं झालं!"

आमचे हात वरच राहिले. पाहुणा समोर असताना न्केंग खाली टाकायचा म्हणजे त्याला तू शत्रू आहेस असे सांगणे. मास्तर रडकुंडीला आले. लाल नाकाच्या माणसाने एका पोरीच्या हातातले पान मागून घेतले, टोपीत खोवले आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याची दवंडी फिरली. मतदान होईपर्यंत अलामेनमध्ये कोणी हातात न्केंग धरायचा नाही. कुंपणाला, दाराशी असेल तोही काढायचा. पांढऱ्या पेटीच्या गावात हिरवे दिसता कामा नये.

तुम्ही हसाल. आम्हाला मात्र हसू आले नाही. न्केंग नसलेले गाव म्हणजे उघड्या दाराचे घर. आता भांडण झाले तर मिटवायचे कशाने? चूक झाली तर माफी मागायची कशाने? बाया एकमेकींशी जपून बोलू लागल्या. मांकाने जुळ्यांच्या दाराची झाडे स्वतःच्या हाताने उपटली, मुळांना माती गुंडाळून घरामागे ओल्या पोत्यात ठेवली आणि म्हणाली, "मरू देऊ नका रे यांना." त्याच आठवड्यात एक मुलगी तापली. लुम तिला छातीशी धरून दिवसभर दाराकडे बघत बसायची, जणू पोर त्या उघड्या दारातून उठून चालू लागेल. तिवा आपल्या तिवईचा पाय कोरत होता. कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

पोरीचा ताप उतरला. पण मांकाच्या आत काहीतरी हलले होते. ती माझ्याकडे आली.

"अवा, माझ्याबरोबर राजवाड्यात चल."

आमच्याकडे विधवा राजवाड्यात बोलणार असेल तर नवऱ्याकडचा पुरुष सोबत लागतो. "काय बोलायचंय?" मी विचारले.

"ते तिथं कळेल. आत्ता सांगितलं तर तू येणार नाहीस."

राजे अंगणात बिबट्याच्या कातड्यावर बसले होते, बाजूला पायस मास्तर. मी हातांची ओंजळ करून टाळी वाजवली. मांका गुडघे वाकवून, तोंडावर हात धरून उभी राहिली. राजाला आम्ही नावाने हाक मारत नाही. म्बे म्हणतो.

"मांका, बायका काय म्हणतात?" राजांनी विचारले.

"गवत कापतायत, म्बे."

"मी पेटीचं विचारतोय."

"बायका माझ्याकडे बघतायत, म्बे. मी तुमच्याकडे बघतेय. आणि तुम्ही मास्तरांकडे." मास्तर खोकले. मांका पुढे म्हणाली, "मी सांगितलं तर सगळ्या बाया पांढरीत कागद टाकतील. पण पांढरी जिंकली की माझा जावई गेला. मग मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"हिरवी जिंकली तर तो वाचेल, अशी हमी कोण देतो?" राजे म्हणाले. "इंग्रजांनीही त्याच्यासारख्यांना धरून, बोटीवर चढवून हद्दपार केलंय."

"कोणीच देत नाही. म्हणून तर इथं आले." तिने तोंडावरचा हात काढला. "न्यूयॉर्कच्या लोकांनी दोनच पेट्या दिल्या, म्बे. तिसरी तुमच्या अंगणात आहे. तिवाला जमीन द्या. आपल्यातलं नाव द्या. चारी कोपऱ्यांना तुमच्या हातचा न्केंग लावा. मग तो पलीकडचा राहत नाही, अलामेनचा होतो. त्याच्याकडे बोट दाखवायला गावात हात उठणार नाही. एवढं करा, आणि बाया माझ्यावर सोडा."

मास्तरांना राहवले नाही. "आत्ता? मतदानाआधी चार कोपऱ्यांना हिरवं? म्बे, आपणच बंदी घातली आणि आपणच लावायचं? गावाला काय सांगायचं?"

"मतदानानंतर," राजे म्हणाले. "मांका, माझा शब्द."

त्यांनी शिंगातली ताडी आधी स्वतः घेतली आणि मग मांकाच्या ओंजळीत ओतली. राजाच्या हातची ताडी ओंजळीत घेऊन प्यायली की दोघेही बांधले गेले. याहून मोठा करार आमच्याकडे नाही. मांका प्यायली, कोपरांवरून ओघळलेली ताडीही तिने वाया जाऊ दिली नाही.

परतताना वाटेत ती दगडावर बसली. "अवा, मी काय केलं रे?"

"सौदा केलास. मोठमोठे पुढारी करतात तसा."

"पुढाऱ्यांचा जावई नसतो मध्ये." ती ओढ्याकडे बघत होती. "त्याला मारायला जे येणार, त्यांच्यासाठी मीच दार उघडणार. का, तर राजानं ओंजळीत ताडी ओतली म्हणून."

मतदानाच्या दिवशी बाया ठेवणीतली वस्त्रे नेसून शाळेपुढे रांगेत उभ्या राहिल्या. मांकाने प्रत्येकीच्या कानात एकच शब्द सांगितला होता. आपली पाळी आली तेव्हा ती चटईच्या आडोशाआड गेली, आणि बाहेर येईना. आतल्या माणसाने हाक दिली, "आजी, झोप लागली का?" रांगेतली एक म्हणाली, "पेटीशी सोयरीक जुळवतेय!" मी हसलो नाही. मला ठाऊक होते आत काय चालले आहे.

ती बाहेर आली आणि झाडाखाली मटकन बसली. मी नुसते बघितले.

"पांढरीतच," ती म्हणाली. "पोटात त्यांची ताडी होती, अवा. हात दुसरीकडे वळलाच नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "पण हिरव्या पेटीला सांगितलं, रागावू नकोस बाई."

पांढरी जिंकली. मास्तरांच्या रेडिओने सांगितले आणि ढोल सुरू झाले. गाव नाचले. मी मांकाच्या घरी गेलो तर तिवा मागच्या अंगणात तिवईचा पाय कोरत होता. ढोल वाजत राहिले, तो कोरत राहिला. पाय बोटाएवढा बारीक झाला, मोडला, तरी त्याच्या हातातली पाती चालतच होती. लुमने येऊन ती त्याच्या हातातून काढून घेतली.

न्केंगची बंदी उठली. ओल्या पोत्यातली झाडे जुळ्यांच्या दाराशी पुन्हा रुजली. पण तिवाच्या जमिनीचे काही होईना. आम्ही राजवाड्यात गेलो तर राजे आजारी. पुन्हा गेलो तर राजे बामेंडा शहरी गेलेले. मग नवा चंद्र येऊ दे. मग पेरण्या होऊ देत. पावसाळा आला आणि सरत आला, जुळ्या चालू लागल्या. खरे कारण मास्तरांनीच एकदा मला बाजूला घेऊन सांगितले. आता त्यांच्याही डोळ्यांत ती गोष्ट राहिली नव्हती, माणूस दिसू लागला होता. "नी अवा, नवे अधिकारी राजांना भेटून गेले. पलीकडच्या बंडखोरांना जो थारा देईल त्याचं राजेपण काढून घेऊ म्हणाले. राजांची पाचावर धारण बसलीय. मला हे असं वाटलं नव्हतं हो."

ऑक्टोबरात शाळेपुढे नवा झेंडा चढला आणि ओढ्यावरचा दांडा निघाला. पोरे त्या दांड्यावर बसून घोडा घोडा खेळली. मग एका बाजाराच्या दिवशी लाल टोप्या आल्या. त्यांनी काही केले नाही; नुसते फिरले. एक म्हातारा त्यांना बघून उठला नाही म्हणून त्याच्या पोटात बंदुकीचा दस्ता मारला, आणि पलीकडून आलेले कोण कोण आहेत ते आम्ही पुन्हा येऊन विचारू, असे सांगून गेले.

त्या दिवसापासून मांकाच्या घरात चूल दिवसा पेटेना, धूर दिसेल म्हणून. तिवा वावरातल्या गवताच्या ढिगात बसून राहायचा. जुळ्या रडल्या की लुम त्यांच्या तोंडावर हात ठेवायची. पोरी मग रडायच्याच बंद झाल्या, नुसत्या टुकुटुकु बघायच्या. ते बघणे मला सोसवत नव्हते. मीही भ्यालो होतो. मांकाच्या घराची वाट टाळून मी लांबून जाऊ लागलो होतो, आणि गावात असे करणारा मी एकटा नव्हतो.

आणि एका सकाळी तिची ती जुनी हाक डोंगरावरून आली. सगळ्या बाया कुदळी घेऊन बाहेर पडल्या. मीही गेलो. मांका पुढे चालत होती, डोक्यावर ताडीने भरलेला भोपळा. ती राजवाड्याच्या वाटेला लागली तेव्हा तो भोपळा कशासाठी ते मला कळले.

प्यायलेली ताडी परत नेणे ही गोष्ट आमच्या आज्यांनी ऐकलेली, पाहिलेली नव्हे. शब्द मोडणाऱ्या राजाच्या उंबऱ्यावर बाईने तेवढी ताडी ओतली की त्याच्या शब्दाला वजन उरत नाही. मग त्याच्या हातची ताडी कोणी ओंजळीत घेत नाही. तो कातड्यावर बसलेला नुसता एक म्हातारा होतो.

राजवाड्याच्या दाराशी मांका थांबली. तिने भोपळा उतरवला नाही, ओतलाही नाही. नुसती उभी राहिली. मागे सगळ्या बाया पाठ फिरवून उभ्या. ती इतकी थरथरत होती की ताडी हिंदकळून तिच्या मानेवरून, पाठीवरून वाहत होती. ओल्या गवतावर माश्या घोंगावत होत्या.

राजे बाहेर आले. एकटेच, टोपीशिवाय.

"मांका, खाली ठेव ते."

"जड नाही, म्बे."

राजे जवळ आले. पुढे जे बोलले ते आम्ही समोरच्या दोघाचौघांनीच ऐकले. "मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते, म्बे. वाटते म्हणूनच आले. नसती वाटली तर घरी बसले असते."

राजांनी तिच्या तोंडाकडे पाहिले; मग मागच्या पाठींच्या भिंतीकडे. मग ते वळले, राजवाड्याच्या कुंपणातली न्केंगची झाडे त्यांनी स्वतःच्या हातांनी उपटली आणि चालू लागले. आमचा राजा कोणाच्या वावरात पायी जात नाही. तो गेला, चिखलातून, छत्रीवाल्याशिवाय. मांकाच्या घराखालच्या उतारावर चारी कोपऱ्यांना त्यांनी झाडे लावली, प्रत्येक झाडाच्या पानाला राजवाड्याची गाठ मारली आणि गवतातून तिवाला बोलावून घेतले. मांकाच्या भोपळ्यातली ताडी त्याच्या ओंजळीत ओतून म्हणाले, "तू अचिरी. माझ्या गावचा. ही तुझी माती."

तिवा प्यायला. त्याला ठसका लागला आणि तो खोकता खोकता रडला.

पानांच्या गाठी अजून ताज्या होत्या तेव्हा झांदार आले. अधिकारी दक्षिणेच्या रानातला, धिप्पाड, फ्रेंच बोलणारा. बरोबर वाट दाखवायला आणि माणसे ओळखायला एक हडकुळा इसम होता, तिवाच्याच डोंगरांतला. आमची भाषा अर्धीमुर्धी बोलायचा. ते सरळ मांकाच्या अंगणात आले. कोणीतरी काहीतरी सांगितले असणार. कोणी, ते आम्ही कधी शोधले नाही.

मांका अचू कुटत होती. कुटून झाले होते, लगदा मेणासारखा झाला होता, तरी मुसळ चालू होते. थांबली असती तर ती पडली असती.

"तिवा कुठे आहे?" हडकुळ्याने विचारले.

"असा कोणी नाही इथं," मी म्हणालो.

अधिकाऱ्याने छडीने खाली उताराकडे दाखवले. तिथे एक माणूस आमच्याकडे पाठ करून कुदळ चालवत होता. उघड्या खांद्यावर भाजल्याचा मोठा चट्टा उन्हात चकाकत होता.

"तो कोण?"

"अचिरी. माझा पुतण्या."

हडकुळा उतार उतरू लागला. मुसळ धप, धप, धप. लुम दारात दोन्ही पोरी मांडीवर घेऊन बसली होती. तो सरळ रेषेत तिवाकडे चालला होता आणि वाटेत वावराचा वरचा कोपरा येत होता. तिथे तो थांबला. न्केंगकडे बघितले. वाकून पानाची गाठ बघितली, हात न लावता. मग मान वर करून त्या खांद्याच्या चट्ट्याकडे बघितले. असा चट्टा कशाने पडतो हे त्याच्या मुलुखातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

ते रोप गुडघ्याएवढेही नव्हते. ओलांडून जाता आले असते. ज्याला न्केंग ठाऊक नाही तो ओलांडूनच जातो. हा बाजूला झाला, रोपाला वळसा घातला, आत न शिरता हद्दीच्या कडेकडेने थोडा चालला आणि तसाच वर परत आला. अधिकाऱ्याला फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाला. काय ते मला कळले नाही. अधिकारी थुंकला, छडी काखेत मारली आणि ते निघून गेले. जाताना हडकुळ्याने दाराशी बसलेल्या जुळ्यांकडे पाहिले आणि लगेच नजर खाली घातली.

मुसळ थांबले. मांका उखळाला धरून हळूहळू खाली बसली.

तो माणूस पुन्हा आला नाही. पण त्याला सगळे ठाऊक होते, आणि एका शब्दाने तो केव्हाही येऊ शकला असता. म्हणून मांकाची भीती गेली नाही. दररोज सकाळी ती चारी कोपऱ्यांना जाऊन प्रत्येक झाडाला हात लावून यायची. आणि कुत्री भुंकली की ओढ्याकडे बघायची.

सगळ्या मुलुखासाठी पुसली गेलेली ती हद्द एका तिवासाठी मात्र तशीच राहिली. त्याने पुन्हा कधी ओढा ओलांडला नाही. एका दुपारी पलीकडून मयताच्या बंदुकींचे बार ऐकू आले आणि निरोप आला की त्याची आई गेली. तास-दोन तासांची वाट. तिवा न्केंगच्या खालच्या कोपऱ्याशी जाऊन उभा राहिला आणि तिथून पुढे त्याचे पाऊल पडेना.

मांकाने टोपलीत कंद, तेल आणि मीठ भरले, वर न्केंगचे पान खोचले. "मुलाच्या जागी मी जाते," म्हणाली. ओढ्यापलीकडे झांदारांची चौकी होती. ती गेली, परक्या मयतात मुलाच्या जागी उभी राहिली, मुलाने टाकायची माती तिने टाकली, आणि परत आली.

"ना, भीती नाही वाटली?" मी विचारले.

"वाटली ना. सारी वाट माझ्या बरोबरीनं चालत होती." ती तोंडावर हात धरून हसली; त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच. "मग मी तिला म्हटलं, रिकाम्या हातानं काय चालतेस? टोपलीचा दुसरा कान धर."